गणितात नापास

(वसंत व्याख्यानमालेत सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘गदिमांची जडणघडण’. विषय संयोजकांचा, वक्ता मात्र निवृत्त गणित शिक्षक. तेव्हा गाडी कुठे वळणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. (हशा)

गदिमा म्हणजे कवी, गीतकार गजानन दिगंबर माडगूळकर. जन्म १९१९, शेटफळे. घरची गरिबी, वडिलांची औंध संस्थानातली कारकुनी, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. त्यांचं आत्मचरित्र ‘वाटेवरल्या सावल्या’ निम्म्या सभागृहानं वाचलंय, उरलेल्यांनी वाचल्याचं सांगितलंय. पुढे जाऊ.

शाळा तीन गावांत झाली : आटपाडी, कुंडल, औंध. आणि मॅट्रिकला गणितात नापास! या एका वाक्यावर महाराष्ट्रानं आम्हा गणितवाल्यांना आजवर झोडपलंय. पेपर कोरा देणारं पोरगंसुद्धा वर तोंड करून सांगतं, “सर, गदिमापण नापासच होते.”

हसू नका. त्या काळी मॅट्रिक म्हणजे नोकरीचा परवाना. घरातला थोरला मुलगा, मागे भावंडं, आणि हातात असा निकाल. त्या वयात तो कागद किती जड होतो, हे ज्याचं त्याला माहीत.

पण माझं म्हणणं असं, की या मुलाला गणित येत होतं. भरपूर येत होतं. पद्यात मात्रा मोजाव्या लागतात. लघू अक्षराची एक, गुरूच्या दोन. सातारा : सहा. सांगली : पाच. (एक आवाज : हे चालणार नाही!) भांडू नका, अनुस्वार धरूनच पाच होतात! आता औंध तीन, कुंडल चार, बेरीज सात; आणि आटपाडी? सात! गदिमांच्या शाळांचा ताळा असा जमतो. मी बोटांवर मोजून हे काढलं. ज्याला हे कानानं कळतं, त्याला तुम्ही गणितात ढ म्हणणार?

आता आटपाडीचं नाव निघालंच आहे, तर स्वतंत्रपूर सांगायलाच हवं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार. सूर्यनमस्कारांचं तर विचारूच नका, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यांच्या संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ खुली वसाहत निघाली, कैद्यांची. भिंत नाही, कुंपण नाही. शेती करायची आणि माणूस व्हायचं. मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांची त्यामागे धडपड होती. भिंत नसताना कैदी पळत का नाही, यावर मला फार बोलायचं आहे... (अध्यक्ष घड्याळ दाखवतात) बरं. तर त्यावरून गदिमांनी कथा लिहिली, दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये चित्रपट काढला, बर्लिनला गाजला. नाव : ‘दो आँखें बारह हाथ’. कैदी सहा, हात बारा. हा गुणाकार कोणी शिकवला? (हशा, टाळ्या)

आणि गीतरामायण! १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. आठवड्याला एक गीत, वर्षाची बावन्न. पण त्या वर्षी आला अधिक मास. चार वाढली, झाली छप्पन्न. पंचांगानं हातचा दिला, आणि या माणसानं तो संगीतकार सुधीर फडक्यांच्या हाती वेळेवर पोचवला.

पहिल्या रांगेतून विचारतायत, “सर, मग नापास का झाले?” रास्त आहे. पेपरात व्याज असतं, क्षेत्रफळ असतं. पोवाड्याच्या ओळीत किती मात्रा बसतात, हे नसतं. मी तपासला असता तर मीही नापासच केलं असतं. गणिताची बाजू घेतो, पण फुकट मार्क देत नाही.

निकालानंतर काय झालं, हे खरं महत्त्वाचं, आणि नेमका त्यालाच आता वेळ नाही. भराभर सांगतो. कोल्हापूरला स्टुडिओ होते, तिथे दाखला कोणी मागत नव्हतं. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात छोटी भूमिका. कादंबरीकार वि. स. खांडेकरांकडे लेखनिकाचं काम. दुसऱ्याचं वाक्य रोज हातानं उतरवायचं, यापरती शिकवणी नाही. कुंडलच्या शाहीर शंकरराव निकमांसाठी पोवाडे. मग १९४२ पासून चित्रपटांची गाणी. धाकटे भाऊ व्यंकटेशही शाळा सोडून बेचाळीसच्या चळवळीत गेले आणि चित्रकार व्हायला कोल्हापूरलाच आले. त्यांचं राहिलं, क्षमस्व.

दहावीचे निकाल येतील. घरात कोणी गणितात अडकलं, तर कृपा करून त्याला गदिमांचं नाव सांगू नका. नापास झालेल्यांत गदिमा एकच निघाले. माझ्या हातून नापास झालेल्या बहुतेकांवर कोणी पोवाडा रचला नाही. त्याला एवढंच विचारा, तुझी मोजदाद कुठे बरोबर येते? ढोलकीवर, यंत्रावर, रंगाच्या पेटीत, बांधावर? उत्तर आलं, की ते जिथे शिकता येईल त्या गावापर्यंतचं एसटीचं भाडं द्या. परतीचंही द्या. अध्यक्ष महाराज, थांबलो.