बेरेनिकेच्या वाळूतली बुद्धमूर्ती
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आज मी तुम्हाला एका पडक्या शहरात नेणार आहे. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचं बंदर होतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दुसरा टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजाने ते वसवलं आणि त्याला आपल्या आईचं नाव दिलं. लढाईसाठी त्याला हत्ती हवे होते, ते जहाजांतून इथे उतरत. हा राजा आपल्याला परका नाही बरं का! सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'तुरमाय' असं ज्याचं नाव येतं, तो हाच. पुढे इजिप्तवर रोमन सत्ता आली आणि या बंदराचा हिंदुस्थानशी व्यापार भरभराटीला आला.

अवशेष म्हटलं की उंच संगमरवरी खांब डोळ्यांपुढे येतात. इथे तसं काही नाही. प्रवाळाच्या दगडांच्या बुटक्या भिंती, त्याही वाळूत बुडालेल्या. गोडं पाणी गावात नव्हतं, आतल्या विहिरींवरून आणावं लागे. त्याचे हिशेब खापरांवर लिहिलेले सापडलेत. १८१८ साली बेल्झोनी नावाच्या इटालियन प्रवाशाने ही जागा शोधली. पद्धतशीर उत्खनन मात्र १९९४ पासून सुरू झालं.

आणि काय निघालं? भगिनींनो, तुमच्या स्वयंपाकघरातलं सामान! तांदूळ, मूग, नारळ. एका देवळाच्या आवारात हिंदुस्थानी बनावटीचा रांजण, त्यात साडेसात किलो काळी मिरी. सुती कापडाचे तुकडे. सागवानाची लाकडं, बहुधा मोडलेल्या जहाजांची, घरांच्या भिंतींत बसवलेली. वाऱ्याचा हंगाम चुकला की माणसं महिनोन्‌महिने तिथेच अडकत. मग आपला भात शिजवायचा, आणि आपली श्रद्धाही जपायची.

जानेवारी २०२२ मध्ये आयसिस या इजिप्शियन देवीच्या मंदिराच्या पुढच्या अंगणात भगवान बुद्धांची मूर्ती मिळाली. उंची ७१ सेंटिमीटर. तथागत उभे आहेत, डाव्या हातात चीवराचा भाग धरलेला, मस्तकामागे सूर्यकिरणांसारखी प्रभा, बाजूला कमळ. उजवी बाजू बरीच तुटलेली. काळ सुमारे दुसरं शतक. एप्रिल २०२३ मध्ये ही बातमी जगाला कळली. पण खरी गंमत दगडात आहे. तो हिंदुस्थानचा नव्हे, बहुधा आजच्या इस्तंबूलच्या दक्षिणेकडचा संगमरवर. म्हणजे मूर्ती जहाजातून नेलेली नाही. तिकडचाच दगड घेऊन तिकडेच घडवलेली. व्यापाऱ्यांनी ती अर्पण केली असावी, असं अभ्यासक म्हणतात.

आता काही मंडळी लगेच म्हणतील, अशोकाने धम्म पाठवला, त्याचा हा पुरावा. जरा सबुरीने घ्या. अशोक आणि ही मूर्ती यांच्यात तीन-चारशे वर्षांचं अंतर आहे. तिथे विहार सापडलेला नाही, भिक्खुसंघ होता असंही दिसत नाही. मला तर यातच मोठेपणा वाटतो. ना राजा, ना फौज. मिरी-कापड विकणाऱ्या, खलाशीकाम करणाऱ्या माणसांनी परक्या देवीच्या अंगणात जागा मिळवली आणि बुद्ध उभा केला. त्या देवीच्या लोकांनी ती जागा दिली, हेही विसरू नका.

तिथेच सातवाहनांची दोन नाणी मिळालीत. सातवाहन म्हणजे पैठणचे, आपल्या मुलखाचे. रोमन अरब सम्राट फिलिप याच्या काळातला, म्हणजे तिसऱ्या शतकातला, संस्कृत लेखही मिळालाय.

सहाव्या शतकात बेरेनिके ओस पडलं. बंदर गाळाने भरलं, गावावर वाळू चढली.

येणंजाणं एकतर्फी नव्हतं. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब यवनांनी दान केलेले आहेत. यवन म्हणजे मूळचे ग्रीक, किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. मुलाबाळांना घेऊन जाल तेव्हा त्या खांबांपाशी थांबा, त्यांवरची ब्राह्मी अक्षरं त्यांना दाखवा. फक्त हात लावू देऊ नका, अक्षरं झिजतात.

जयभीम! नमो बुद्धाय!