वेंगीचे राज्य, जिनवल्लभ आणि तेलुगू भाषा



भाषेचा जन्म राजदरबारात होत नाही. ती लोकांच्या मुखी आधीपासून नांदत असते; दरबार तिला मागाहून मान देतो. तेलुगूचा इतिहास याची साक्ष आहे.

तेलुगू ही द्राविड कुळातील भाषा. संस्कृत-प्राकृतातून तिने विपुल शब्द घेतले, परंतु तिचे मूळ त्यांत नाही. आंध्रभूमीवर राज्य करणाऱ्या सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत. सहाव्या शतकात कडप्पा भागातील रेनाटी चोळांनी मात्र आपले लेख तेलुगूत कोरविले.

सातव्या शतकात बदामीच्या द्वितीय पुलकेशीचा बंधू कुब्ज विष्णुवर्धन याने गोदावरी-कृष्णेच्या मुखाकडील प्रदेशात वेंगीचे पूर्व चालुक्य राज्य स्थापिले. त्याची राणी अय्यण महादेवी हिने बेझवाड्याच्या, म्हणजे आजच्या विजयवाड्याच्या, जैन वसतीस दान दिल्याची नोंद आहे. याच वंशातील राजराज नरेंद्राच्या आश्रयाने अकराव्या शतकात नन्नयाने तेलुगू महाभारत आरंभिले. तेलुगू साहित्याचा उगम तेथून मानण्याचा प्रघात आहे.

परंतु त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे एका श्रावकाने तेलुगू पद्य पाषाणावर कोरविले होते. वेंगी प्रदेशातून आलेल्या घराण्यातील हा जिनवल्लभ कन्नड आदिकवी पंपाचा धाकटा बंधू. पंप वेमुलवाड्याच्या अरिकेसरीच्या दरबारी होता. जिनवल्लभाने सुमारे इ. स. ९४५ मध्ये करीमनगर परिसरातील कुर्क्यालजवळच्या बोम्मलगुट्ट टेकडीवर जिनप्रतिमा कोरविल्या आणि संस्कृत, कन्नड व तेलुगू अशा तीन भाषांत लेख लिहविला. त्यातील तीन तेलुगू पद्ये कंद वृत्तातील सर्वांत प्राचीन रचनांमध्ये गणली जातात.

विद्वानांसाठी संस्कृत होती, ज्येष्ठ बंधूच्या काव्याची कन्नड होती. तरीही टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची बोली त्याला वगळावीशी वाटली नाही. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींच्या चरणांपाशी कन्नड व तमिळसोबत मराठी लेखही आहे, तो याच वृत्तीचा.

बंधु-भगिनींनो, जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या प्रतिमालेखांवर चुना वा तैलरंग चढतो, हस्तलिखिते पेटीत वाळवीच्या मुखी पडतात. बोम्मलगुट्टावरील अक्षरे अशीच बुजली असती, तर तेलुगूच्या इतिहासातील एक पान कोरे राहिले असते. आपल्या मंदिरातील प्रत्येक लेखाचे वाचन व ठसे करून ठेवावेत, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपणांस नम्र विनंती.

जय जिनेंद्र.