करदाता म्हणजे कोण?

(गिरणी कामगारांच्या सभेतील भाषण)



निवडणूक आली की एक शब्द आपल्या कानांवर हमखास आदळतो. तो शब्द म्हणजे 'करदाता'. करदात्याचा पैसा, करदात्याचा हक्क, करदात्याची फसवणूक. पण हा करदाता दिसतो तरी कसा, असं कुणी विचारलं तर डोळ्यांपुढे एक इस्त्रीचा सदरा येतो, एक मोटार येते, आयकराचा कागद येतो. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, उरण, पेण या भागांतून बोचकं घेऊन भाऊच्या धक्क्यावर उतरलेला आणि आयुष्यभर साच्यापुढे उभा राहिलेला माणूस त्या चित्रात कुठं नसतो. त्याला दुसरं नाव आहे. त्याला म्हणतात 'लाभार्थी'!

२०२४ साली विधानसभेच्या निवडणुकीआधी लाडकी बहीण योजना निघाली. महिना १५०० रुपये. लगेच ओरड झाली की करदात्यांचा पैसा उधळला. योजना बरी की वाईट, निवडणुकीच्या तोंडावर काढली ते योग्य की अयोग्य, हा वाद आम्ही आज इथं करत नाही. आम्ही एवढंच विचारतो, की ती बाई साबणाची वडी घेते, पोराला चपला घेते, तेव्हा त्यावरचा जीएसटी कोण भरतं? शेजारचे शेटजी?

मंडळी, हा हिशेब जुना आहे. संयुक्त महाराष्ट्राचा लढासुद्धा एका बाजूनं याच हिशेबाचा लढा होता. १९५४ साली राज्य पुनर्रचना आयोगापुढे बॉम्बे सिटिझन्स कमिटी नावाची मंडळी गेली. पुरुषोत्तमदास ठाकूरदास अध्यक्ष, बाकीचे बहुतेक बडे उद्योगपती आणि व्यापारी. म्हणणं काय, तर मुंबई महाराष्ट्राला देऊ नका, ती वेगळी ठेवा. ही नगरी सर्वांच्या भांडवलावर उभी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालीच दार कमिशनला दिलेल्या निवेदनात या दाव्याचा चांगला समाचार घेतला होता. धनंजयराव गाडगिळांनी अर्थशास्त्राच्या अंगानं उत्तर दिलं. कामगारानं मात्र उत्तर दिलं ते आपल्या छातीनं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा चालल्या. वहीत भांडवल लिहिलेलं असतं. घामाचं खातं वहीत नसतं, म्हणून ते रस्त्यावर दाखवावं लागलं.

गिरणीचंच उदाहरण घ्या, ते तुमच्या ओळखीचं आहे. इंग्रज सरकारनं १८९६ साली इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली. कशासाठी? लँकेशायरचा माल इथं महाग पडू नये म्हणून. जकात भरणारा कोण, तर कागदावर गिरणीमालक. पुढं १९२५ साली मंदी आली तेव्हा मालकांनी काय केलं? मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. दीड लाखाच्या आसपास कामगार सप्टेंबरात बाहेर पडले आणि डिसेंबरपर्यंत बाहेर राहिले. शेवटी सरकारनं जकात स्थगित केली, मालकांनी कपात मागं घेतली, १९२६ साली जकात रद्दच झाली. आता सांगा, जकातीचं ओझं कुणाच्या खांद्यावर उतरवायचा बेत होता? चलनावर सही मालकाची आणि कात्री तुमच्या पगाराला! ज्याची सही तोच करदाता असं ज्याला वाटतं, त्यानं १९२५ चा संप वाचावा.

हे झालं मुंबईचं. आता गावाकडं चला. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ पासूनचं. कुलाब्यात खोती होती. सरकारचा सारा खोत भरी. खोताला मक्ता देई कूळ. खाडीचं पाणी अडवायला बांध घालायचा कुळानं, चिखलात आवणी करायची कुळानं, भात झोडायचं कुळानं, आणि खंडीचं माप लागायचं खोताच्या खळ्यावर. त्या भातातूनच सारा निघे, खोताचा नफाही त्यातूनच निघे. पण सरकारच्या दफ्तरात सारा भरणारा म्हणून नाव खोताचं. आणि त्या जमान्यात कायदेमंडळाचं मत कुणाला? ज्याच्या जमिनीचा आकार ठरलेल्या रकमेवर असेल त्याला, किंवा तेवढं भाडं, तेवढी मिळकत, तेवढं शिक्षण असेल त्याला. म्हणजे कर आणि मत ही दोरी एकत्र वळलेली होती. लहान कुळाच्या हाती ना पावती, ना मत.

मुंबईतही तीच तऱ्हा. १९२२ च्या सुधारणेनं महापालिकेचं मत महिना १० रुपये भाडं भरणाऱ्यापर्यंत खाली आलं, त्याचा केवढा गाजावाजा झाला! पण पाचसात रुपयांच्या खोलीत दहाजण पथाऱ्या टाकणाऱ्या गिरणगावाला त्याचा उपयोग काय? मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानावर झाली ती १९४८ साली. तोवर कोकणातला चाकरमानी दोन्ही ठिकाणी देत होता, घरमालकाला भाडं आणि खोताला मक्ता, आणि दोन्ही ठिकाणी मतापुरता नाहीच.

चरीच्या शेतकऱ्यांनी हे ओळखलं. अलिबाग तालुक्यातलं चरी गाव. नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ साली २५ गावांच्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. सहा वर्षं, बंधूंनो! १९३९ पर्यंत शेतं ओस राहिली. लाकूडफाटा विकला, खाडीत मासळी धरली, अर्धपोटी राहिले, पण नांगर धरला नाही. तुम्ही संप जाणता, पगार बंद झाला की काय होतं ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? पण पिकणाऱ्या जमिनीकडं पाठ फिरवून स्वतःच्या दारात सहा पावसाळे काढणं, हा संप आणखी वेगळा. बाबासाहेब चरीला आले, १९३७ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, आणि १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. म्हणजे मागणी आणि कायदा यांत बारा वर्षं गेली. कुणी म्हणतं कायदा सरकारनं दिला. दिला खरा, पण तो चरीच्या उपाशी पोटांनी आधीच लिहून ठेवला होता.

महाडचं चवदार तळं आपण फक्त पाण्याचा प्रश्न म्हणून सांगतो. तो करदात्याचाही प्रश्न होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. रावबहादूर बोले यांच्या १९२३ च्या ठरावाचा गाभा असा, की जी पाणवठ्याची ठिकाणं सार्वजनिक पैशानं बांधली किंवा राखली जातात ती सर्वांना खुली. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला. सुरबानाना टिपणीस तेव्हा नगरपालिकेचे अध्यक्ष आणि सत्याग्रहाच्या बाजूचे, हे विशेष. सार्वजनिक पैसा घेताना जात दिसत नाही, देताना दिसते, ही त्यातली गोम. न्यायालयात निकाल लागायला १९३७ उजाडलं.

आता चिंतामणराव देशमुखांची गोष्ट. ही जरा सावकाश सांगतो, कारण त्यात सारं आलं. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, १८९६ चा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. म्हणजे सबंध देशाचा कर गोळा करणारा माणूस कुलाब्याचा, आणि १९५२ साली लोकसभेवर निवडून गेला तोही कुलाब्यातून, काँग्रेसच्या तिकिटावर. आमच्यासारख्यांशी त्यांचं फारसं जमण्यासारखं नव्हतं. ते आयसीएसमधले, आकड्यांतले, आपण साच्यावरचे. पण जून १९५६ मध्ये पंडितजींनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा केली, तेव्हा या गृहस्थांनी जुलैमध्ये लोकसभेत उभं राहून राजीनाम्याचं निवेदन केलं. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न करता जाहीर झाला, आणि मुंबईच्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, ही त्यांची मुख्य तक्रार. देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या ठेवून देऊन तो माणूस बाहेर पडला. मुंबई ही करभरणाऱ्या थैलीशहांची, असं म्हणणाऱ्यांना याहून मोठी चपराक कोणती? कराचा सगळा हिशेब ज्याच्या टेबलावर होता, तोच सांगत होता की या शहराचा निकाल माणसांना विचारल्याशिवाय लावू नका.

मग १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक आलं आणि १९५७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निवडणूक. विधानसभा आणि लोकसभा एकदमच. समितीकडे ना मोटारी ना पैसा. प्रचार लाँचनं, बैलगाडीनं, पायी. अत्र्यांचा 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ ला सुरू झालेला, तो गिरणगावातून गावी जाणाऱ्यांच्या पिशवीतून पोचे. अमरशेख आणि अण्णाभाऊंची शाहिरी लाँचपेक्षा लवकर पोचे! निकाल तुम्हांला ठाऊक आहे. गिरणगावातून कॉम्रेड डांगे लोकसभेत गेले. कुलाब्याची लोकसभेची जागा काँग्रेसकडून शेतकरी कामगार पक्षाकडे आली, राजाराम बाळकृष्ण राऊत निवडून आले. पनवेलमधून दि. बा. पाटील पहिल्यांदा विधानसभेत गेले. सरकार मात्र समितीचं झालं नाही, कारण द्विभाषिकात काँग्रेसची बेरीज गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांनी भरून काढली.

त्याच वर्षी १ एप्रिलला कूळकायद्याचा कृषक दिन आला आणि कसणारा कूळ मालक ठरला. किंमत आकाराच्या २० पटीपासून २०० पटीपर्यंत, हप्त्यानं. फुकट काही नव्हतं. पण बघा, प्रौढ मताचा हक्क आधी मिळाला आणि सातबारावर नाव मागाहून चढलं. पूर्वी सारा दाखवल्याशिवाय मत नव्हतं. आता मत होतं म्हणून सारा आपल्या नावावर आला. उलटी गंगा वाहिली ती अशी.

१ मे १९६० ला राज्य झालं. तेव्हाही पावती फाटलीच. मुंबई पुनर्रचना कायद्यात महाराष्ट्रानं गुजरातला नव्या राजधानीसाठी आणि सुरुवातीच्या वर्षांच्या तुटीसाठी पैसा द्यायचं ठरलं. हुतात्मे आमचे आणि वर बिलही आम्हांलाच, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. गुजरातच्या कामगाराशी मात्र आमचं भांडण तेव्हाही नव्हतं. महागुजरातसाठी इंदुलाल याज्ञिकांच्या मागं उभ्या राहिलेल्या अहमदाबादच्या माणसांनीही ऑगस्ट १९५६ मध्ये गोळ्या खाल्ल्याच होत्या.

राज्य आलं, पण सरकारी कागद मराठीत यायला राजभाषा कायदा व्हावा लागला, तो १९६४ चा. कराची नोटीस ज्या भाषेत येते ती भाषा ज्याला वाचता येत नाही, तो माणूस कर भरतो की दंड भरतो हेच त्याला कळत नाही. बेळगावचे आपले मराठी भाऊ आजही घरपट्टी वेळेवर भरतात आणि कागद मराठीत द्या म्हणून निवेदनं देतात. भाषावार राज्य हा प्रश्न कवितेचा नाही हो, पावतीचा आहे.

आणि आताचं? पनवेल बघा. खारघरचा टोलनाका २०१४ च्या विधानसभेचा मोठा प्रश्न झाला, इतका की पनवेलचे आमदार प्रशांत ठाकूर यांनी त्याच मुद्द्यावर काँग्रेस सोडली आणि भाजपतून निवडून आले. पुढं १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली, सिडकोच्या वसाहती तिच्यात आल्या, आणि मागाहून मालमत्ता कराची बिलं आली ती २०१६ पासूनच्या आकारणीची. रहिवासी म्हणाले, त्या वर्षांत सेवा सिडकोची आणि सेवाशुल्कही आम्ही सिडकोला भरलं, मग दोनदा का? मोर्चे निघाले, उच्च न्यायालयात गेले, विधानसभेच्या प्रचारात उमेदवारांना त्यावर उत्तरं द्यावी लागली. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्याकडून शिकावं असं म्हणतो. त्यांच्याजवळ संघटना होती, बिलांच्या प्रती होत्या, आणि मतदार यादीत नाव होतं.

आपल्याजवळ काय आहे? १९८२ च्या संपानंतर आपल्यातले कितीतरी गावी परतले. काहींना २०१६ च्या सोडतीत पनवेलजवळ कोनला घर लागलं. किल्लीबरोबर देखभाल खर्चाचं बिलही हातात येतं, ते का आणि किती हे विचारायची आपल्याला अजून सवय नाही. गावाकडं घर बापाच्या नावावर, बाप केव्हाच वारला, घरपट्टी भावजय भरते, आणि आपलं मत मुंबईच्या यादीत, तेही जुन्या चाळीच्या पत्त्यावर, जिथं आता टॉवर उभा आहे.

म्हणून सभा संपल्यावर तीन कामं करा. गावी ग्रामपंचायतीत जाऊन घराचा नमुना ८ चा उतारा काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. मयताचं असेल तर वारसाचं लावायचा अर्ज द्या. पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी वेगवेगळी लिहिलेली असते, ती वाचून घ्या. दिवा लागत नसेल तर १ मे च्या ग्रामसभेत ती पावती हातात धरूनच बोला. आणि मतदार यादीतलं नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, तेव्हा ते मुंबईत ठेवायचं की गावी, हे घरात बसून ठरवा आणि यादी बंद व्हायच्या आत फॉर्म भरा. लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म शेजारच्यांनी भरून द्यावेत.

जय महाराष्ट्र!