मूल वेगळे वाटले, तर वाट किती पाहायची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी देवळी येथे दिलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलण्याचा मान आजवर मोठमोठ्या विदुषींना मिळाला आहे. मी त्यांतली नाही. मी तुमच्यातलीच एक गृहिणी आहे. ज्या विषयावर चार शब्द सांगायला आपण मला उभे केले, तो विषय मी पुस्तकात नव्हे, घरात शिकले. माझा मुलगा आज सतरा वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. डॉक्टर लोक याला ऑटिझम म्हणतात. त्याचे वेगळेपण तो दीड वर्षाचा असताना मला जाणवले. त्या वेगळेपणाला नाव मिळाले तेव्हा तो साडेसहा वर्षांचा होता. मधल्या पाच वर्षांविषयी मी आज बोलणार आहे. कारण तशी पाच वर्षे आपल्या गावातल्या दुसऱ्या कुणा आईची जाऊ नयेत.

प्रथम स्वमग्नता म्हणजे काय ते पाहू. हा ताप-खोकल्यासारखा रोग नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून जरा निराळी असते. त्यामुळे माणसांशी देवाणघेवाण करणे अशा मुलाला अवघड जाते. बोलणे उशिरा येते, किंवा येते तेव्हा ऐकलेलेच शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणते. ठरलेला क्रम मोडला की ते बिथरते. कुकरची शिटी, वरातीचा बँड, नव्या कापडाचा स्पर्श यांचा काहींना असह्य त्रास होतो. काही मुले मुळीच बोलत नाहीत, तर काही पहिल्या नंबराने पास होतात. म्हणून एका मुलावरून दुसऱ्याची पारख करू नये.

लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक वर्षे मोठमोठे विद्वान सांगत होते की, आईची माया आटली म्हणून मूल असे झाले! बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली या मताला आव्हान दिले. ते स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. आज ते मत पूर्णपणे बाद झाले आहे. पुढे १९९८ साली इंग्लंडात लसीला दोष देणारा एक लेख आला. तोही खोटा ठरला, आणि २०१० साली त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. तेव्हा भगिनींनो, आईच्या वागण्याने, गरोदरपणी ग्रहण पाहिल्याने किंवा लस टोचल्याने मूल स्वमग्न होत नाही. लस चुकवल्याने मात्र गोवरासारखे रोग घरात येतात.

आता उशीर का होतो ते सांगते. माझ्या मुलाला नावाने हाक मारली तर तो वळून पाहत नसे; पण बिस्किटाचा पुडा वाजला की दुसऱ्या खोलीतून धावत येई. सासूबाई म्हणाल्या, “याचा बापबी उशिराच बोलला होता, बोलंल हा.” त्या मायेनेच म्हणत होत्या. एका डॉक्टरांनी सांगितले की मुलगे उशिराच बोलतात, थोडे थांबा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, सारा मोबाईलचा प्रताप आहे. मोबाईलने बोलणे-खेळणे मागे पडते हे खरे. पण स्वमग्नता त्याने येत नाही. आम्ही मिरननाथ महाराजांना नवसही बोललो. त्यात वावगे काही नाही. नवस बोलावा आणि त्याच आठवड्यात तपासणीलाही जावे. पुढे एका शाळेने, “हा वर्गात बसत नाही, घरी न्या,” असे सांगितले. अशा रीतीने प्रत्येकाने थोडे थोडे थांबायला सांगितले, आणि त्या थोड्या थोड्याची पाच वर्षे झाली.

त्यात गेले काय? एकच गोष्ट सांगते. तपासणीनंतर शिकवणाऱ्या बाईंनी त्याला चित्रांची कार्डे दिली. तीन आठवड्यांनी त्याने पेल्याचे चित्र माझ्या हातात ठेवले. पाणी हवे, हे माझ्या मुलाने मला पहिल्यांदा सांगितले, ते साडेसहाव्या वर्षी! त्याआधी तो तहानेने रडे, जमिनीवर डोके आपटी, आणि लोक म्हणत, फार हट्टी आहे. ती रीत तिसऱ्या वर्षीही शिकवता आली असती.

म्हणून काही खुणा ध्यानात ठेवा. वर्षाचे मूल नावाला वळून पाहत नाही. दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू किंवा आकाशातले विमान बोटाने दाखवत नाही. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नाही, भातुकलीत खोटाखोटा चहा पाजत नाही. गाडी चालवण्याऐवजी तासन् तास तिचे चाकच फिरवते. आणि सर्वांत महत्त्वाचे, आलेले शब्द गमावते. एका खुणेवरून काही ठरत नाही. पण दोन-तीन खुणा दिसल्या तर वाट पाहू नये. जाणत्या डॉक्टरांना दुसऱ्या वर्षाच्या सुमारासही निदान करता येते.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. त्या पुष्कळदा इतर मुलींचे पाहून तसेच वागायला शिकतात. मग “शांत आहे, लाजरी आहे, कामाची आहे,” असे म्हणून आपण कौतुक करतो, आणि आतल्या आत तिची होणारी ओढाताण कुणाला दिसत नाही. काहींना तर मोठेपणीच स्वतःचा उलगडा होतो. उशिरा झालेले निदानही वाया जात नाही. आपण आळशी किंवा वेडे नव्हतो, हे कळणे केवढा दिलासा असतो!

तपासणी म्हणजे काय, याचीही धास्ती नको. सुई नाही, बेशुद्ध करणे नाही. स्वमग्नता दाखवणारी रक्ताची तपासणी किंवा फोटो अजून निघालेला नाही. प्रथम कानांची तपासणी करतात, कारण कमी ऐकू येणारे मूलही असेच वागू शकते. मग डॉक्टर आईला बसवून विचारतात: बाळंतपण कसे झाले, मूल कधी हसले, कधी बसले, कधी बोलले. नंतर मुलाशी खेळून त्याचे वागणे पाहतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ साली भारतीय मुलांसाठी एक मोजपट्टी काढली. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण बेरीज ७० च्या खाली असेल तर स्वमग्नता नाही असे धरतात. पुढे सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्या आहेत. जाताना एका वहीत तारखा आणि प्रसंग लिहून न्या. खेळतानाचे मोबाईलवरचे दोन-चार व्हिडिओही दाखवा. डॉक्टरांपुढे मूल पंधरा मिनिटे असते. आईपुढे दिवसरात्र असते.

जायचे कुठे? आपण देवळीकर या बाबतीत भाग्यवान आहोत. वर्ध्याच्या वाटेवर सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे रुग्णालय आहे, आणि वर्ध्यापलीकडे सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय. दोन्हींना वैद्यकीय महाविद्यालये जोडलेली आहेत. तेथे बालरोग आणि मानसोपचार विभागांत चौकशी करावी. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत आणि शाळांत मुले तपासतात; ते दिवस अंगणवाडीताईंना विचारून ठेवा.

निदानानंतर प्रमाणपत्र काढायला पुष्कळ घरे कचरतात. मुलावर शिक्का बसेल, बहिणीचे लग्न अडेल, असे वाटते. तो शिक्का नव्हे, ते हक्काचे पत्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजनाही अशा मुलांसाठी आहे. एक मात्र सांगते: कुणी औषधाने किंवा काढ्याने स्वमग्नता पूर्ण घालवून देतो म्हणाला, तर तेथून पैसे सांभाळून परत या. बोलणे, खेळणे, स्वतःचे काम करणे यांचे धीराने दिलेले शिक्षण, हाच उपाय आहे.

आणि अशी घरे फार थोडी आहेत असे समजू नका. देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. त्यांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. ऐकणे, पाहणे, बोलणे, बुद्धी, शिकणे, फेफरे, स्वमग्नता यांपैकी काही ना काही अडचण सुमारे आठांमागे एका मुलाला आढळली. म्हणजे आपल्या प्रत्येक आळीत अशी मुले असणारच. ती दिसत नाहीत, कारण आपण त्यांना पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवतो.

मंडळाला माझी तीनच मागणी आहे. अंगणवाडीताईंच्या मदतीने वर्षातून एकदा दोन वर्षांच्या मुलांच्या आयांना बोलावून या खुणा सांगाव्यात. शंका असलेल्या आईबरोबर पहिल्या तपासणीला मंडळाच्या एका भगिनीने एस.टी.त बसून जावे. एकटी बाई दाराशी जाऊन परत येते, हे मी जाणते. आणि हळदीकुंकवाला बोलावताना, “मुलालाही घेऊन या,” असे सांगावे. तो कदाचित तिळगूळ घेणार नाही, मोठ्याने ओरडेल, पंख्याकडे पाहत बसेल. बसू द्यावे.

माझा मुलगा आज घरचे पाणी भरतो, कपडे घडी घालतो, आणि एस.टी.च्या पाट्या वाचून कुठली गाडी यवतमाळची आणि कुठली वर्ध्याची ते मला सांगतो. सगळेच त्याला जमेल असे नाही. पण जे जमते ते शिकवायला लवकर लागले, तर अधिक जमते, एवढे मी अनुभवाने सांगू शकते.