वटवाघूळ आणि जलसंत्रास

फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत सातपुड्याच्या उतारांवर मोह फुलला म्हणजे रात्रीं त्याच्याकडे वटवाघुळें येतात. पहांटे त्याच झाडांखालीं नंदुरबार जिल्ह्यांतील भिल्ल व पावरा कुटुंबें फुलें वेंचतात. हा शेजार फार जुना आहे. या शेजारांत जलसंत्रासाचें भय कितपत, याचें उत्तर चुकलें तर एकतर निष्कारण झाड तोडलें जातें, नाहींतर माणूस हकनाक दगावतो.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. रक्तावर जगणाऱ्या वटवाघुळांच्या जाती अवघ्या तीन, आणि त्या अमेरिका खंडांतच आढळतात. त्रिनिदाद बेटावर १९२९ पासून पक्षाघातासारख्या रोगानें माणसें मरूं लागलीं, तेव्हां डॉक्टरांना प्रथम निराळ्याच रोगांचा संशय आला. तो जलसंत्रास असून रक्तपायी वटवाघुळांपासून होतो, हें पुढें डॉ. पावान यांनीं दाखवून दिलें. भारतांतील थोरलें वटवाघूळ, पंख पसरले म्हणजे सुमारें चार फूट भरणारें, फळांवर व फुलांवर जगतें. मोहाचे पराग तेंच वाहतें, बियाही तेंच दूरवर टाकतें. त्या झाडाखालून गेल्यानें जलसंत्रास होत नाहीं. विषाणूयुक्त लाळ जखमेंत शिरावी लागते.

परंतु उपकारी प्राणी निर्धोक असतोच असें नव्हे. ऑस्ट्रेलियांत १९९६ सालीं फलाहारी वटवाघुळांत जलसंत्रासाच्या विषाणूचा एक निकटचा भाऊबंद सांपडला आणि त्याच वर्षीं त्यानें एका स्त्रीचा बळी घेतला. श्रीलंकेंत २०१५ सालीं याच कुळांतील आणखी एक विषाणू मिळाला. तो तर भारतांत सर्वत्र दिसणाऱ्या थोरल्या वटवाघुळाच्याच मेंदूंत. म्हणून वटवाघुळास उघड्या हातानें कदापि शिवूं नये. त्याचे दांत सुईसारखे बारीक असल्यानें चाव्याची खूण कधीं कधीं दिसतही नाहीं. दिवसाढवळ्या जमिनीवर धडपडणारें वटवाघूळ आजारी असण्याचा संभव असतो, हें मुलांना आवर्जून सांगावें. घरांत शिरल्यास दिवे मालवून खिडक्या उघडाव्या; बहुधा तें आपण होऊन जातें. मात्र निजलेल्या मुलाच्या खोलींत तें आढळलें तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तथापि खरें भय अंगणांतच आहे. भारतांत जलसंत्रासानें मरणारीं बहुतेक माणसें कुत्र्याच्या दंशानें मरतात. अक्राणीच्या एखाद्या पाड्यावरून रुग्णालयाची वाट डोंगरांतून जाते. त्यांत जखमेवर तिखट किंवा चुना लावण्यांत, मांत्रिकाच्या दारीं बसण्यांत मोलाचे दिवस जातात. शहरांतील सुशिक्षित घरांतही ‘पोटांत चौदा इंजेक्शनें’ या जुन्या धास्तीनें लहानसा ओरखडा लपविला जातो. मेंढीच्या मेंदूपासून होणारी ती लस भारतांत २००४ सालींच बंद झाली. आतांची लस दंडांत टोंचतात. त्वचेंत देण्याच्या पद्धतींत तिचे दिवस ०, ३, ७ व २८ असे ठरलेले आहेत, आणि सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते. रक्त आलेल्या जखमेंत तयार प्रतिद्रव्यांचें औषधही भरावें लागतें.

या सर्वांच्या आधीं करावयाचें काम मात्र घरचेंच आहे: जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी. रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाहीं. परंतु दंश आणि लक्षणें यांमध्यें बहुधा कांहीं आठवड्यांचा, कधीं महिन्यांचा अवधि असतो. पाश्चर यांनीं १८८५ सालीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास वांचविलें, तें याच अवधींत. तो अवधि किती, हें आधीं कोणासही सांगतां येत नाहीं; म्हणून दंश कुत्र्याचा असो वा वटवाघुळाचा, त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें, आणि मोहाचें झाड वटवाघुळांसह उभें राहूं द्यावें.