अकरा नांवांची यादी

दरसाल हिवाळ्याच्या तोंडाशीं अमेरिकेंत एक संघ निवडण्यांत येतो. संघ जाहीर झाला कीं त्यांतील तरुणांचीं छायाचित्रें वृत्तपत्रांत झळकतात, त्यांच्या महाविद्यालयांत जयघोष होतो, गांवोगांवीं त्यांचे सत्कार होतात. आणि एवढें सारें होऊन तो संघ कोणाशींही सामना म्हणून खेळत नाहीं. खेळण्यासाठीं तो निवडलेलाच नसतो. त्या हंगामांत देशभरच्या महाविद्यालयांतून जे फुटबॉल खेळले त्यांत प्रत्येक जागेवर सर्वांत श्रेष्ठ कोण, याचा तो कागदावरचा निवाडा असतो. या संघाला तेथें ‘ऑल-अमेरिका’ म्हणतात, आणि ज्याचें नांव त्यांत आलें तो तरुण मरेपर्यंत ‘ऑल-अमेरिकन’ म्हणून ओळखला जातो. पुढें तो न्यायाधीश होवो, व्यापारी होवो कीं कफल्लक होवो, ही पदवी त्याच्या नांवाला चिकटलेली राहते.

येथें एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे फुटबॉल म्हटला कीं पायानें चेंडू मारण्याचा खेळ डोळ्यांपुढें येतो. अमेरिकन लोकांचा खेळ तो नव्हे. त्यांचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो छातीशीं कवटाळून पळावयाचें, पळणाऱ्याला प्रतिपक्षानें धरून भुईवर पाडावयाचें, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन जिंकतां आली नाहीं तर चेंडू मुकाट्यानें दुसऱ्या पक्षाच्या हवालीं करावयाचा, असा तो प्रकार आहे. त्यांत कुस्ती आहे, धांव आहे, आणि पाहणाऱ्याला सहसा न दिसणारें असें डावपेंचांचें गणितही आहे. या खेळापायीं इतक्या तरुणांचा बळी जात असे कीं १९०५ सालीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील चालकांना भेटीस बोलावून कानउघाडणी केली; आणि पुढच्याच वर्षीं चेंडू पुढें फेंकण्यास मुभा देऊन खेळ थोडा मोकळा करण्यांत आला.

या यादीचा जन्म १८८९ सालचा. कॅस्पर व्हिटनी नांवाच्या क्रीडालेखकानें आपल्या साप्ताहिकांत ती प्रथम छापली. त्या कामीं त्याला येलचा जुना खेळाडू वॉल्टर कॅम्प याचें साह्य होतें, आणि पुढें लोकांच्या मनांत ही यादी कॅम्पचीच झाली. हा कॅम्प मोठा विलक्षण गृहस्थ. उपजीविकेसाठीं तो न्यू हेवन येथील घड्याळांच्या कारखान्यांत काम करी आणि चढत चढत त्याचा प्रमुख झाला. परंतु अमेरिकन फुटबॉलला आज जें रूप आहे त्यांतील बराच भाग याच माणसाच्या डोक्यांतून निघालेला आहे. बाजूला अकराच गडी असावेत, चेंडू एका पक्षाच्या निर्विवाद ताब्यांत देऊन मग डाव सुरू करावा, ठराविक प्रयत्नांत ठराविक अंतर काटलेंच पाहिजे, हे नियम त्यानें सुचविले व रुजविले. १८९८ पासून पुढें ‘कॉलियर्स’ साप्ताहिकांत त्याची यादी येऊं लागली आणि ती ब्रह्मवाक्य ठरली. १९२५ च्या मार्च महिन्यांत नियमसमितीच्या बैठकीसाठीं न्यूयॉर्कला गेला असतांनाच त्याचा अंत झाला.

आतां पहिल्या यादीकडे पाहूं. अकरा नांवें, आणि तीं अकराच्या अकरा हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या तीनच संस्थांतील! त्यांत प्रिन्स्टनचा एक खेळाडू होता, त्याचें नांव एडगर ॲलन पो. प्रसिद्ध कवीच्या घराण्यांतलाच तो. येलचा हेफेलफिंगर होता, ज्याचें नांव त्या खेळाच्या इतिहासांत आजही आदरानें घेतात. हे खेळाडू उत्तम होते यांत शंका नाहीं. परंतु ‘अखिल अमेरिका’ म्हणावयाचें आणि पूर्व किनाऱ्यावरील तीन गांवांपलीकडे पाहावयाचें नाहीं, याला काय म्हणावें? परीक्षकानें तीनच शाळांच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात आणि साऱ्या इलाख्याचा निकाल लावावा, तशांतला हा प्रकार. १८९८ सालीं शिकागोचा हर्शबर्गर कॅम्पच्या यादींत आला तेव्हां पश्चिमेकडील लोकांना केवढा हर्ष झाला असेल याची कल्पना करावी.

कॅम्पच्या बाजूनेंही एक गोष्ट बोलली पाहिजे. हंगाम शरद ऋतूंतील थोड्या आठवड्यांचा. सामने बहुतेक शनिवारीं. आणि एका शनिवारीं एक माणूस एकाच मैदानावर असूं शकतो. दूरदर्शन नव्हतें, चित्रपट नव्हता. तेव्हां उरलेल्या देशाचा निवाडा मित्रांच्या पत्रांवरून, पंचांच्या सांगण्यावरून व वृत्तपत्रांतील मजकुरावरूनच करणें प्राप्त होतें. आणि वृत्तपत्र लिहितें तें चेंडू घेऊन पळणाऱ्याविषयीं. ज्यानें आपल्या खांद्यानें वाट मोकळी करून दिली म्हणून तो पळूं शकला, त्या आघाडीच्या फळींतील गड्याचें नांव वार्ताहराच्या लेखणींतून सहसा उतरत नसे. आघाडीच्या सात गड्यांना यादींत सात जागा राखून ठेवल्या, ही या संस्थेची मोठीच पुण्याई म्हणावी लागेल.

मात्र एका बाबतींत ही यादी आपल्या काळाच्या पुढें गेली. १८९२ आणि १८९३ या दोन्ही सालीं हार्वर्डचा विल्यम हेन्री लुईस हा मध्यभागाचा गडी म्हणून तींत आला. त्याचे आईबाप एके काळीं व्हर्जिनियांत गुलाम होते. हा मुलगा ॲमहर्स्टला शिकला, कायद्यासाठीं हार्वर्डला गेला, आणि तेथें आघाडीच्या फळींत असा उभा राहिला कीं त्याच्या रंगाकडे दुर्लक्ष करणें निवड करणारांना भाग पडलें. गंमत पाहा, हार्वर्डच्या त्याच गांवांत एका गोऱ्या न्हाव्यानें त्याची हजामत करण्याचें नाकारलें. लुईस गप्प बसला नाहीं. त्याच्या खटपटीनें मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यांत अशा भेदभावाविरुद्ध दुरुस्ती झाली. १९११ सालीं तो अमेरिकेचा साहाय्यक ॲटर्नी-जनरल झाला. कार्लाइल येथील रेड इंडियन मुलांच्या शाळेचा जिम थॉर्प हा १९११ व १९१२ या दोन वर्षीं यादींत आला. त्याच थॉर्पनें १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें दोन सुवर्णपदकें मिळविलीं. आणि सुटीत थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता एवढ्या कारणावरून तीं त्याजकडून परत घेण्यांत आलीं.

पदक परत मागतां येतें. परंतु एकदां छापलेली यादी परत घेतां येते काय? बहुतेकांना वाटेल, येत नाहीं. पॉल रोबसनच्या बाबतींत तोही प्रयोग झाला.

रोबसनचा आवाज भारतांतील पुष्कळ घरांतून ऐकलेला आहे. मिसिसिपी नदीवरील त्याचें तें धीरगंभीर गाणें ज्यांनीं ऐकलें त्यांना या माणसानें गाण्यापूर्वीं काय केलें होतें हें मात्र क्वचितच ठाऊक असतें. १८९८ सालीं न्यू जर्सींतील प्रिन्स्टन गांवीं त्याचा जन्म झाला. बाप गुलामगिरींतून पळून येऊन पुढें धर्मोपदेशक झालेला. रटगर्स महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळवून १९१५ सालीं पॉल तेथें गेला, तेव्हां साऱ्या विद्यार्थ्यांत तोच एकटा काळा होता. संघांत जागा मिळावी म्हणून सरावाला उतरला, तर भावी सोबत्यांनींच पहिल्या दिवशीं त्याचें नाक मोडलें व खांदा निखळविला. आणि पुन्हां उतरला तेव्हां खिळ्यांच्या बुटानें त्याचा हात तुडविला. तो अंथरुणांतून उठून परत मैदानावर आला आणि संघांत राहिला. १९१६ सालीं महाविद्यालयाचा दीडशें वर्षांचा उत्सव होता. त्या वेळच्या सामन्यांत दक्षिणेकडील पाहुण्या संघानें काळ्या खेळाडूविरुद्ध खेळण्याचें नाकारलें, आणि यजमानांनीं आपल्याच गड्याला बाकावर बसवून पाहुण्यांचा मान राखला. उत्सव शोभेचा झाला असेल. परंतु त्यांत शोभा कोणाची झाली हें ज्याचें त्यानें ठरवावें.

पुढच्या वर्षीं न्यूपोर्टच्या नौदलाचा संघ रटगर्सशीं खेळावयास आला. जुन्या नामांकित खेळाडूंचा तो संघ. येलचा माजी कर्णधार ब्लॅक हा स्वतः ‘ऑल-अमेरिकन’ त्यांत होता. रटगर्सच्या पोरांनीं त्यांस चौदा विरुद्ध शून्य असें हरविलें, आणि त्या दिवशीं मैदान गाजविलें तें रोबसननें. तो ‘एंड’ म्हणजे फळीच्या टोकाचा गडी. चढाईंत चेंडू झेलावयाचा आणि बचावांत आपल्या कडेनें कोणाला वळसा घालूं द्यावयाचा नाहीं, अशीं दोन्ही कामें त्या काळीं एकाच गड्याला करावीं लागत. १९१७ सालीं महायुद्धामुळें कॅम्पनें महाविद्यालयांची नेहमीची यादी काढली नाहीं, परंतु इतर निवड करणारांनीं रोबसनचें नांव घेतलें. आणि १९१८ सालीं कॅम्पच्या पहिल्या अकरांत टोकाच्या जागेवर ‘रोबसन, रटगर्स’ असें छापून आलें. खेळाबरोबर अभ्यासही असा कीं १९१९ च्या पदवीदान समारंभांत विद्यार्थ्यांच्या वतीनें भाषण करण्याचा मान त्याचाच होता.

त्यानंतरची हकीकत जगप्रसिद्ध आहे. तो कायद्याची पदवी घेऊन रंगभूमीकडे वळला, लंडनला व पुढें न्यूयॉर्कला ऑथेल्लो झाला, देशोदेशीं गायला. त्याचबरोबर वर्णभेदाविरुद्ध व साम्राज्यशाहीविरुद्ध तो उघड बोलूं लागला आणि सोव्हिएत रशियाची बाजू घेऊं लागला. ही शेवटची गोष्ट अनेकांना पटली नाहीं. आज स्टॅलिनच्या राजवटीविषयीं जें माहीत आहे तें पाहतां ती न पटणारांचा पक्ष अगदींच दुबळा नव्हता. परंतु मतांचा वाद मतांनीं करावा. १९४९ सालीं त्याचे जलसे उधळण्यांत आले आणि १९५० सालीं सरकारनें त्याचें पारपत्र रद्द केलें, म्हणजे परदेशीं गाऊन पोट भरण्याचीही सोय उरली नाहीं. आणि याच सुमारास महाविद्यालयीन फुटबॉलचा संपूर्ण इतिहास म्हणून मिरविणारा एक जाडजूड ग्रंथ बाहेर पडला, त्यांत १९१८ च्या ‘ऑल-अमेरिका’ संघांत दहाच नांवें होतीं.

दहा! नियमानें अकरा गड्यांचा खेळ. संपादकाला बाराखडीइतकें हें पाठ असणार. त्याच्या जागीं दुसरें एखादें नांव घालण्याचें धाडस झालें नाहीं, एवढें सत्य त्यानें राखलें. अकराव्याची जागा तशीच मोकळी सोडून दिली, आणि ती मोकळी जागाच ओरडून सांगूं लागली कीं येथें कोणी तरी होता.

आपल्या देशानें त्या दिवसांत रोबसनला दूर लोटलें नाहीं, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १९५८ च्या एप्रिलमध्यें त्याला साठ वर्षें पुरीं झालीं, तेव्हां त्याचा वाढदिवस साजरा करण्यासाठीं भारतांत जी समिती स्थापन झाली तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश न्या. छगला हे होते, आणि पंतप्रधान नेहरूंनीं समारंभाला जाहीर शुभेच्छा दिल्या. अमेरिकन अधिकाऱ्यांना हें रुचलें नाहीं. त्यांनीं आपली नाराजी दिल्लींत कळविलीही. त्याच वर्षीं जूनमध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, मतांवरून पारपत्र अडवितां येणार नाहीं असा निर्णय दुसऱ्या एका खटल्यांत दिला, आणि रोबसनला पुन्हां समुद्र ओलांडतां आला.

इकडे यादीची पद्धतही पालटत गेली. कॅम्पच्या मागें ‘कॉलियर्स’ची निवड ग्रँटलंड राईसकडे आली; वृत्तसंस्था, क्रीडालेखक, शिक्षक यांच्या स्वतंत्र याद्या निघाल्या. १९३५ पासून हंगामांतील सर्वोत्कृष्ट एकाच खेळाडूला न्यूयॉर्कच्या एका क्लबानें चषक देण्यास आरंभ केला. तोच आजचा हाइसमन चषक. तो मिळविणारा पहिला काळा खेळाडू सिराक्यूजचा अर्नी डेव्हिस, हा १९६१ सालीं. धंदेवाईक संघांतून एकही सामना खेळण्यापूर्वींच १९६३ सालीं रक्ताच्या कर्करोगानें तो बिचारा गेला. चढाईचे आणि बचावाचे गडी वेगळे ठेवण्याची मुभा मिळाल्यावर अकरांचे बावीस झाले, शिवाय चेंडू लाथेनें मारणारे निराळे. आतां पांच मान्य याद्यांचा मेळ घालून ज्याला बहुसंख्य मतें मिळतील तो ‘सर्वसंमत’ आणि पांचांनींही निवडला तो ‘एकमुखी’ ठरतो. एका घड्याळवाल्याच्या मतापेक्षां हें बरें यांत संशय नाहीं. शिवाय आतां प्रत्येक सामना पडद्यावर पुन्हां पुन्हां पाहतां येतो, तेव्हां ‘आम्हीं त्याला पाहिलें नाहीं’ ही सबब उरली नाहीं.

१९५१ सालीं महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत पहिल्या मानकऱ्यांची निवड झाली. कॅम्प आला, हेफेलफिंगर आला, थॉर्प आला. रोबसन आला नाहीं. वर्षांमागून वर्षें नवीं नांवें चढत गेलीं. १९७६ च्या जानेवारींत फिलाडेल्फिया येथें रोबसन वारला, तेव्हांही त्या मंदिरांत त्याला जागा झालेली नव्हती. ती १९९५ सालीं झाली, कॅम्पनें त्याचें नांव छापल्याला सत्त्याहत्तर वर्षें उलटल्यावर. आतां कोणतेंही विश्वसनीय दप्तर काढून १९१८ चें पान पाहिलें तर त्यांत टोकाच्या जागेवर रटगर्सचा रोबसन आहे, आणि नांवें मोजलीं तर अकरा भरतात.