तुपातील तीळ

वनस्पती तुपात तिळाचे तेल कशासाठी? चवीसाठी नव्हे, लबाडी पकडण्यासाठी! १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांनी त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल सक्तीचे केले. वितळलेल्या तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल व चिमूटभर साखर घालून हलविले, की तीळतेल असल्यास खालचा थर किरमिजी होतो. (आम्ल घरी न हाताळलेलेच बरे.) पण मिसळणाऱ्याने दुसरीच चरबी घातली, तर रंग उमटत नाही; डब्यावर मात्र गाय आणि ‘शुद्ध’ हा शब्द असतोच. मग आम्हांला प्रयोगशाळेत रायखर्ट-माइस्ल अंक काढावा लागतो. जनावरे सरकीवर पोसलेली असली, तर हा अंक अस्सल तुपातही खाली येतो, आणि प्रामाणिक गवळीही संशयात सापडतो.